मुद्देमालाची किल्ली

सागवाडी नाक्यावरच्या पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. खिडकी नाही, छताजवळ एक झरोका, आणि दाराला दोन कुलपं. गुन्ह्यात जप्त झालेला माल, पोलिसांच्या भाषेत मुद्देमाल, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिथे पडून असे. चोरीची भांडी, कापडाचे गठ्ठे, हातभट्टीचे कॅन, रक्ताचे डाग वाळून काळे पडलेले शर्ट. लहानसहान वस्तू कापडात शिवून, दोऱ्याच्या गाठीवर लाखेचं सील मारून ठेवलेल्या. एका कुलपाची किल्ली गुन्ह्यांचा तपास बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि दुसरी मुद्देमाल कारकुनाकडे. हवालदार बळीराम मोकल नऊ वर्षं तिथला कारकून होता.

बळीराम उरणकडचा. बाप जन्मभर मिठागरात राबला. घराण्यात खाकी घालणारा हा पहिलाच, त्यामुळे गावात मान होता. अंगाने धिप्पाड, मिशी भरघोस, पण आतून माणूस भित्रा. रस्त्यात कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायचा. म्हणून चार भिंतींच्या आतलं हे काम मिळालं तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं होतं. खांदा कॉलनीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर, बायको चंद्रावती, आणि पनवेलच्या कॉलेजात जाणारी एकुलती एक मुलगी दिपिका, एवढाच त्याचा संसार. ड्युटी करावी, घरी यावं, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं त्याचं चाललं होतं.

पण एक दिवस त्याच्याकडे किल्ली मागितली गेली.

मागणारा होता सहायक निरीक्षक देवेश खानविलकर. तपासाचं काम त्याच्याकडे असल्याने दुसरी किल्ली त्याच्याचपाशी असायची. "मोकल, तुझी किल्ली इथे ठेव आणि चहा पिऊन ये," तो म्हणाला, आणि फायलीतून मान वर न करता पुढे म्हणाला, "घाई करू नकोस." बळीराम नाक्यावर जाऊन तासभर एकाच कपासमोर बसून राहिला. परत आला तेव्हा किल्ली टेबलावर होती आणि खोलीत वितळलेल्या लाखेचा वास कोंडला होता. कुठलं तरी पार्सल उसवून परत शिवलं गेलं होतं. वरिष्ठांना सांगावं, तर तेव्हाचे वरिष्ठच खानविलकरच्या टेबलावर बसून हसत होते. तो काही बोलला नाही. दुसऱ्या खेपेला न बोलणं आणखी सोपं गेलं. त्याने कधी कोणाकडून काही घेतलं नाही, आणि तेवढ्यावर तो मनाची समजूत घालत राहिला.

माल कोणासाठी बदलला जातोय, हे त्याला ठाऊक होतं. जासईच्या बाजूला धनेश भगत नावाचा एक जण जमिनी विकून, ट्रक घेऊन मोठा झाला होता. सगळे त्याला धनेशशेठ म्हणत. पुढे बंदर सुरू झालं आणि त्या पट्ट्यात कंटेनरची रांग लागली. शेठच्या आवारात मुक्कामाला थांबलेला कंटेनर सकाळी सील शाबूत घेऊन निघायचा, आणि मालकाने उघडला की आत निम्मा माल आणि निम्म्या विटा. कधी पकडापकडी झालीच, तर कोर्टात पार्सल उघडल्यावर भलतीच वस्तू बाहेर यायची आणि खटला तिथेच बसायचा. मधल्या काळात खानविलकरची दोनदा बदली झाली, दोन्ही वेळा महिन्याभरात रद्द झाली.

सत्त्याऐंशी साली रामू नावाचा गोदामाचा राखणदार मारला गेला. त्याने शेठच्या माणसांचा ट्रक अडवला होता. शेठचा उजवा हात, शिवा, कोयत्यासह पकडला गेला. त्या कोयत्याची मूठ फुटलेली आणि तांब्याच्या तारेने आवळून बांधलेली होती. बळीरामने तो स्वतःच्या हाताने कापडात शिवला होता. दोन वर्षांनी कोर्टात तेच पार्सल फोडलं, तर आतून गुळगुळीत, अखंड मुठीचा कोयता निघाला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या बळीरामला सरकारी वकिलांनी विचारलं, शिवताना मूठ कशी होती. आरोपीच्या जागेवरून शिवा त्याच्याकडे शांतपणे बघत होता. मूठ आपण नीट बघितली नव्हती, असं बळीरामने सांगितलं. शिवा सुटला.

त्यानंतर बळीरामचं जेवण तुटलं. देवाला म्हणून शनिवार धरलाय, असं तो चंद्रावतीला सांगायचा. पुढे पुढे आठवड्यातले तीन दिवस शनिवार होऊ लागले.

नव्वदच्या जानेवारीत ठाण्याला नवे वरिष्ठ निरीक्षक आले, उदयसिंह शितोळे. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, तेहेतीस वर्षांच्या नोकरीत एकोणीस बदल्या. किरकोळ बांध्याचा, कपाळावर आठ्या असलेला माणूस. आवाज इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. शिपायालासुद्धा 'तुम्ही' म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हॉटेलातून ठाण्यात येणारी फुकटची ताटं बंद केली. दुसऱ्या आठवड्यात नाक्यावरचा मटका बंद पाडला आणि ट्रकवाल्यांकडून वसुली करणारे दोन शिपाई मुख्यालयात पाठवून दिले. खानविलकर बाहेर हसून सांगायचा, म्हातारा चार महिन्यांचा पाहुणा आहे. मात्र त्याच्या हसण्यात पहिल्यासारखी मोकळीक राहिली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात शितोळे साहेब मुद्देमालाच्या खोलीत आले. स्टुलावर बसून त्यांनी एकेक पार्सल मागवलं. हातात भिंग होतं. बळीराम पार्सलं पुढे करत होता आणि त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

एका पार्सलावर साहेब थांबले. हे कधी शिवलं, त्यांनी विचारलं. बळीरामने नोंद बघून सांगितलं, सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात. साहेबांनी ठाण्याचं पितळी सील मागून घेतलं. त्याच्या कडेचा एक टवका उडालेला होता. हा कधी उडाला, त्यांनी तितक्याच सहजपणे विचारलं.

"अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत, साहेब. माझ्याच हातून फरशीवर पडलं," बळीराम म्हणाला, आणि बोलता बोलता आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. सत्त्याऐंशीच्या लाखेवर अठ्ठ्याऐंशीचा टवका उमटला होता.

अशी अकरा पार्सलं निघाली. सगळ्या नोंदींखाली सही बळीरामची होती. साहेबांनी भिंग खिशात टाकलं.

"मोकल, मी आज तुम्हाला काही विचारत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा माझ्या घरी या. दार उघडं असेल."

साहेब खोलीत दोन तास होते, एवढी बातमी शेठपर्यंत पोचायला पुरेशी होती. दोन दिवसांनी भरदुपारी पनवेलच्या एस.टी. स्टँडबाहेर बळीरामच्या खांद्यावर हात पडला. शिवा होता. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध.

"मामा, कवापासून हाक मारतंय. उन्हाचं कुठं निघालात? शहाळं घ्या," तो म्हणाला, आणि नको नको म्हणत असताना त्याने शहाळं फोडून हातात दिलं. मग गावाकडच्या चौकश्या केल्या, भातशेतीचं विचारलं. आणि पैसे चुकते करता करता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "आपली दिपिका साडेपाचच्या बसनं येते ना? डाव्या बाजूला, खिडकीशी बसते. स्टॉपपासून तुमच्या बिल्डिंगपावेतो गवत केवढं वाढलंय, मामा. मानूस आत पडला तरी दिसायचा नाय. तिला सांगा, एकटी येऊ नको. दिवस बरं नाय."

शिवा गर्दीत निघून गेला तरी बळीराम शहाळं हातात धरून तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दिपिकाचं कॉलेज बंद केलं. कारण सांगितलं नाही. पोरगी रडली, भांडली, शेवटी बापाशी बोलेनाशी झाली. तो ड्युटीवरून आला की आधी घराच्या मागे जाऊन गवत बघायचा. एके दिवशी त्याने कोयती घेऊन ते कापायला काढलं. आजूबाजूचे सगळे रिकामे प्लॉट, कापून कापून किती कापणार. हाताला फोड आले तेव्हा चंद्रावतीने त्याच्या हातातून कोयती काढून घेतली.

"तुमाला झालंय काय, ते सांगा मला," ती म्हणाली. "मी काय ल्हान हाय?"

त्याने सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं त्याला वाटत होतं.

एप्रिलमध्ये दमयंती ठाण्यात आली. रामू राखणदाराची बायको. खटला संपल्यावर मेलेल्या माणसाच्या अंगावरच्या वस्तू घरच्यांना परत द्यायच्या असतात. कोर्टाचा कागद घेऊन ती बाकावर बसली होती. बळीरामने खोलीतून पुडकं आणलं आणि तिच्यासमोर उसवलं. चपलांचा जोड, टॉर्च, आणि एका काडीला दोरा बांधलेला चष्मा. वस्तू बरोबर असल्याचा अंगठा तिच्याकडून घ्यायचा होता.

दमयंतीने चष्मा उचलला. पदराने काचा पुसल्या, उजेडाकडे धरून बघितलं आणि परत पुसल्या. मग त्याला हात जोडले.

"तीन वरसं तुमी नीट सांबालून ठेवलंत, दादा," ती म्हणाली. "माज्या घरात असता तर पोरांनी मोडला असता. तुमचं लई उपकार."

बळीरामने शाईचा पॅड पुढे केला. अंगठा उठला. ती गेली. तो मुद्देमालाच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं आणि एका गोणीवर बसून तोंडावर टोपी दाबून धरली. बऱ्याच वेळाने बाहेर आला, तो कोणाला न विचारता थेट शितोळे साहेबांच्या क्वार्टरवर गेला.

तिथे त्याने सगळं सांगितलं. किल्ली, चहा, लाखेचा वास, कोयता, कोर्टातली खोटी साक्ष, शहाळं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले की नुसत्या त्याच्या बोलण्यावर खानविलकर अडकणार नाही, रंगेहाथच धरावा लागेल. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी लपवली नाही.

"यात मी तुम्हाला वाचवू शकेन असं समजू नका. तुमची नोकरी जाऊ शकते. घरी विचारून या."

त्या दिवशी बळीरामने चंद्रावतीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती दिपिकाला पुण्याला आपल्या भावाकडे पोचवून आली, आणि आल्यावर एवढंच म्हणाली की आता घरात आपण दोघंच आहोत, काय करायचं ते करा.

संधी मे महिन्यात आली. साहेबांनी स्वतः छापा घालून शेठच्या आवारातून बेअरिंगच्या बेचाळीस पेट्या जप्त केल्या. परदेशी माल, पेटीवर कंपनीचे क्रमांक. ट्रकच्या ड्रायव्हरने जबाबात पहिल्यांदाच धनेशशेठचं नाव घेतलं. आता त्या पेट्या नाहीशा झाल्या तरच शेठ सुटणार होता. दर महिन्याला अलिबागला गुन्ह्यांची बैठक असे, वरिष्ठांना जावंच लागे. साहेबांनी बळीरामला बजावलं, त्या दिवशी किल्ली मागतील. नेहमीसारखी द्यायची, नेहमीसारखं चहाला जायचं. बाकी आम्ही बघू.

बैठकीच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या देखत साहेबांची जीप पेणच्या दिशेने गेली. एक वाजला. ठाण्यात जेवणाची सामसूम झाली. पंख्याच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. बळीराम टेबलापाशी बसून होता आणि खिशातली किल्ली त्याच्या मांडीला टोचत होती. सव्वा वाजता खानविलकर आला.

बळीरामने किल्ली पुढे केली. खानविलकर ती घेता घेता थांबला.

"हात का कापतोय?"

"सकाळपासून पोटात काही नाय, साहेब."

खानविलकरने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाला, "आज चहा राहू दे. तूच ये आत. पेट्या दाखव."

हे ठरलेलं नव्हतं. मागच्या फाटकाला टेम्पो लागला होता, शिवा आणि दोघे हमाल आत आले. पेट्या बाहेर जायला लागल्या, त्यांच्या जागी तशाच दिसणाऱ्या, गंजलेल्या लोखंडाने भरलेल्या पेट्या यायला लागल्या. बळीराम भिंतीला टेकून उभा होता. साहेब आता आले तर आपणही चोरांतलेच दिसणार, आणि नाही आले तर काय होणार, असा विचार करत तो बाहेर जाणाऱ्या पेट्या मोजत होता. वीस पेट्या झाल्या. तीस झाल्या. बाहेर कोणाची चाहूल नव्हती. बेचाळिसावी पेटी टेम्पोत चढली तरी कोणी आलं नाही.

शिवाने रुमालाने मान पुसली. "मामा, चला. शेटनी तुमाला बोलवलंय," तो म्हणाला.

"मी कशाला?"

"बसा पुढं. लांब नाय जायचं."

बळीरामने खानविलकरकडे बघितलं. खानविलकर कुलूप लावत होता, त्याने मान वळवली नाही. शिवाने दंड धरला तेव्हा बळीरामला कळलं की आपल्या अंगात विरोध करायचंही बळ नाही. तो लहान मुलासारखा चालत गेला आणि टेम्पोत ड्रायव्हर आणि शिवा यांच्या मध्ये बसला. दिपिका पुण्याला आहे, एवढाच एक विचार त्याने घट्ट धरून ठेवला.

टेम्पो फाटकातून वळला आणि थांबला. वाटेत मधोमध शितोळे साहेब उभे होते. एकटे, टोपी काखेत, बूट धुळीने भरलेले, धाप लागलेली. थोड्या अंतरावर पंच म्हणून आणलेले एक शाळामास्तर भेदरून झाडाला टेकले होते. अलिबागहून मागवलेलं पथक रेल्वेच्या फाटकात अडकलं होतं, आणि साहेब गाडी सोडून रुळावरून चालत आले होते.

"इंजिन बंद करा," ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले.

"घाल अंगावर," शिवा ड्रायव्हरला म्हणाला. टेम्पो हातभर पुढे सरकला. बंपर साहेबांच्या गुडघ्यांना टेकला. ते मागे झाले नाहीत. बळीरामला त्यांचा चेहरा काचेतून स्वच्छ दिसत होता, ओठ पांढरे पडलेले. ड्रायव्हरने परत ब्रेक दाबला होता. शिवा परत ओरडला, तेव्हा काय झालं ते बळीरामला पुढे कधी नीट आठवलं नाही. त्याने हात लांबवून गाडीची किल्ली फिरवली, उपसली आणि खिडकीतून बाहेर फेकली. शिवाची कोपरखळी त्याच्या नाकावर बसली, शर्टावर रक्त सांडलं. आवाज ऐकून खानविलकर बाहेर आला. समोर साहेब दिसताच, सवयीने, त्याने कडक सलाम ठोकला. तेवढ्यात पथकाची गाडी वळणावर दिसली.

पुढचं काही गोष्टीतल्यासारखं घडलं नाही. खानविलकर, शिवा, हमाल आत गेले. धनेशशेठला अटक झाली, चार दिवसांत जामीन मिळाला. बळीराम माफीचा साक्षीदार झाला, तरी खात्याने त्याची हवालदारी काढून शिपाई केलं आणि जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला टाकलं. शितोळे साहेबांचीही जूनमध्ये विसावी बदली झाली, एका प्रशिक्षण केंद्रात, जिथे त्यांच्याकडे काहीच काम नव्हतं.

जाण्यापूर्वी बळीराम दमयंतीच्या घरी गेला. साहेबांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. अंगणात उभं राहूनच त्याने कोयत्याचं खरं काय ते सांगितलं. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच खुनाचा खटला परत चालत नाही, हेही सांगितलं. दमयंती सूप हातात घेऊन ऐकत होती.

"तवाच का नाय बोललात?" तिने विचारलं.

"भ्यालो."

तिने त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सुपातले तांदूळ पाखडत राहिली. बराच वेळ उभा राहून तो निघाला.

पेट्यांचा खटला पंच्याण्णव साली उभा राहिला. बळीरामची साक्ष दोन दिवस चालली. उलटतपासणीत शेठच्या वकिलाने त्याला खोटारडा, भेकड, सगळं म्हणून घेतलं, आणि त्यातलं पुष्कळसं त्याने कबूल केलं. खानविलकर आणि शिवा यांना पाच पाच वर्षांची शिक्षा झाली. शेठ पुराव्याअभावी सुटला.

निवृत्त झालेले शितोळे साहेब साक्षीसाठी एस.टी.ने आले होते. दुपारी कोर्टाबाहेरच्या हॉटेलात दोघं समोरासमोर बसले. बळीरामने मनात पाच वर्षं धरलेलं विचारलं, त्या दिवशी टेम्पोसमोर तुम्हाला भीती कशी वाटली नाही.

साहेबांनी बशीत चहा ओतला. "कोण म्हणतं वाटली नाही?" ते म्हणाले. "सागवाडीला होतो तेव्हा रोज सकाळी जीप चालू करायच्या आधी मी बायकोला मागच्या खोलीत पाठवायचो, न जाणो जीपखाली कोणी काही लावलं असलं तर. तिला वाटायचं, देवपूजेला पाठवतोय. पस्तीस वर्षं मला भीती वाटली, मोकल. पहिल्या नेमणुकीपासून."

साहेबांनी चहा संपवला, त्याच्या नाकाची चौकशी केली आणि संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून उठले.

बळीराम शिपाई म्हणूनच निवृत्त झाला आणि उरणकडे गावाला जाऊन राहिला. धनेशशेठ पुढे आणखी मोठा झाला, त्याची पोस्टरं नाक्यानाक्यावर लागली. कधी त्याची गाडी गावातून जाई तेव्हा बळीरामच्या छातीत धडधडायचं. तो ओट्यावर बसलेला असे. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच बसून राही. मग चंद्रावतीला हाक मारून पाणी मागे.